चौदा पॉइंट पंधरा

"आले का हे?" लॅपटॉप मांडीवर घेऊन अनिताने फोनवर विचारलं.

"नाय अजून," पोपटकाका म्हणाले. "येल गो. मी गाडी टेम्पोतून उतरवून घेतो तवर."

दोघांच्या मध्ये चारशे मीटर सरळ डांबरी रस्ता होता, रोह्याबाहेरच्या एका बंद कारखान्याच्या आवारातला. रविवारी सकाळी वॉचमन फाटक उघडून द्यायचा. टेम्पोवाले पोपटकाका सुरुवातीला उभे, अनिता शेवटच्या रेषेपाशी घड्याळाच्या यंत्राजवळ. तिच्या पुढे थोड्या अंतरावर मातीचा बांध होता. त्या बाजूला ती सहसा बघत नसे.

दीड वर्षापूर्वी तिचा थोरला दीर भरत त्याच बांधावर गाडीसकट आदळला आणि जागीच गेला.

गाडी त्याचीच, जुनी आणि लाल. पेणच्या गॅरेजात त्याने तिला सुपरचार्जर बसवला होता. इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप तो. एकदा बसवला की गरीब गाय मारकी होते. गॅरेजात डायनोही होता. त्याच्या रोलरवर गाडी जागच्या जागी पळवायची आणि ताकद मोजायची. त्या ताकदीवरून भरतने हिशेब मांडला होता: चारशे मीटरला चौदा पॉइंट पंधरा सेकंद. रस्त्यावर मात्र त्याला चौदा पॉइंट सत्तेचाळीसच्या खाली कधी जाता आलं नाही. त्या तीन दशांश सेकंदांच्या मागे लागूनच तो गेला.

रितेशने, म्हणजे अनिताच्या नवऱ्याने, तो चेंदामेंदा घरी आणला. डोलवीच्या कंपनीतली नोकरी सोडली आणि आठ महिने राबून गाडी जशीच्या तशी उभी केली. अनिता रडली, भांडली, दोनदा माहेरी जाऊन आली. शेवटी तो म्हणाला, "दादाचा आकडा एकदा निघू दे. मग स्टेअरिंगला हात नाय लावणार. तुझी शपथ."

तेव्हापासून त्या आकड्याची वाट रितेशपेक्षा तीच जास्त बघत होती. दर रविवारी तिचा जीव टांगणीला लागायचा.

आकडा काही हलेना. टायर बदलून झाले. हवा थंड राहावी म्हणून कोळणीकडून बर्फ आणून पाइपांभोवती बांधून झाला. डायनो म्हणे ताकद आहे, रस्ता म्हणे नाही. मग गावात कुणीतरी बोललंच, भरत बसतो डाव्या सीटवर, गाडी त्याच्या भाराने मागे पडते. रितेश आधी चिडला. पण पुढच्या रविवारपासून गाडी सोडायच्या आधी तो डावं दार मिनिटभर उघडं ठेवू लागला.

"येडा हाय," पोपटकाका म्हणायचे. "वजन हाडामासाला असतं. मेलेल्याला कसलं वजन?"

फोन वाजला. "आला गो," पोपटकाका सांगत होते. "मी दोर गुंडाळीत होतो तवर जाऊन बसला बी. हेल्मेट घालूनच आलाय. बोलत नाय, काय नाय."

"कालचं भांडण डोक्यात असेल," अनिता म्हणाली. "सोडा गाडी."

सुपरचार्जरची शीळ चढत गेली. गाडी आज सुटली ती नुसती सुटली. ना टायर किंचाळले, ना नाक उचललं. लाल रंग आणि काळं हेल्मेट समोरून सणकन गेलं. बांधाच्या दहा पावलं अलीकडे गाडी अलगद थांबली आणि इंजिन बंद झालं.

यंत्रावर आकडा उमटला: १४.१५.

ती हुंदके देऊन रडायलाच लागली. "काका, निघाला! चौदा पॉइंट पंधरा!"

"सुटला गो पोर," काका फोनवरून ओरडले. "सुटला एकदाचा."

आकड्यापुढे तारीख लिहायची म्हणून तिने भरतचा हिशेब लॅपटॉपवर उघडला. ताकद, अंतर, वजन. वजन एक हजार चाळीस किलो. तिला तो दिवस आठवला. पेणच्या वजनकाट्यावर ती बरोबर गेली होती. काटेवाल्याने नेहमीसारखी आरोळी ठोकली होती, "ड्रायव्हर, खाली उतर!" मापात पाप नको म्हणून तो सगळ्यांनाच उतरवतो. भरतही उतरला होता. एक हजार चाळीस हे नुसत्या गाडीचं वजन होतं. चालवायला आत माणूस बसतो, हे धरायचंच राहून गेलं होतं, आणि तो कागद पुढे कुणी तपासलाच नाही.

तिने रितेशचे बहात्तर किलो मिळवले. पडद्यावर उत्तर आलं: १४.४७.

अनिता हसली. म्हणजे डाव्या सीटवर कधी कुणी नव्हतंच! गाडी पहिल्यापासून बरोबर होती, हिशेब चुकला होता. एवढ्याशा चुकीपायी भरत गेला आणि रितेश जायच्या वाटेवर होता. कधी एकदा त्याला सांगते असं तिला झालं.

मग तिची नजर पुन्हा यंत्राकडे गेली. चौदा पॉइंट पंधरा. रिकाम्या गाडीची वेळ.

तिने बांधाकडे पाहिलं. गाडी उभी होती. दार अजून उघडलं नव्हतं.

मांडीवरचा फोन थरथरला. रितेशचं नाव बघून तिचा जीव भांड्यात पडला.

"अनिता, चिडू नको," मागून ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. "फोन बंद पडला होता, आत्ता टपरीवर चार्जिंगला लावला. सकाळपासून वडखळलाच अडकलोय, नाक्यावर वाहन हलत नाय. काकांना सांग, मी आल्याशिवाय गाडी काढू नका."