खड्याची साक्ष

"बघा, पकडली की नाही चोरी!" शरयूच्या पित्ताशयातून काढलेला खडा डॉक्टरांनी वाचनयंत्रात ठेवला आणि पडद्यावर आकडा उमटला, तशा तिच्या सासूबाई माई कडाडल्या. "नव्वद टक्के कोलेस्टेरॉल! आमच्या मागे तुपातले लाडू हाणत होती ही."

झाडाच्या खोडासारखे खड्यातही थर साचतात, आणि हल्ली ते वाचले की माणसानं इतकी वर्षं काय खाल्लं ते सगळं उघडं पडतं. नवरा विलास तर बायको परक्याची असल्यासारखा खिडकीबाहेर बघत होता.

डॉक्टर बागवानबाईंनी पडद्यावरच्या थरांवर बोट ठेवलं. "तूप कुठलं? हे थर उपाशीपणाचे आहेत. पोट रिकामं राहिलं की पित्त साचून राहतं आणि त्यातलं कोलेस्टेरॉल थिजतं. शरयूताई, लग्नापासून आठवड्याचे तीन-तीन दिवस उपाशी कशासाठी राहिलात?"

"सोमवार ह्यांच्या बढतीसाठी, गुरुवार भाऊजींच्या लग्नासाठी, शनिवार माईंच्या गुडघ्यांसाठी. नवस घरच्यांनी बोलायचे, उपास मी करायचे."

"अगं, पण गुण आला ना?" माई जरा नरमल्या. "बाकीचे सोड हवं तर. तेवढा शनिवार मोडू नकोस, गुडघा पुन्हा धरेल."

पोटाला टाके नसते तर शरयू ताडकन उठलीच असती. "गुडघा तुमचा आहे, माई. इथून पुढे पोटही तुमचंच वापरा. डॉक्टर, मला इडली चालेल ना?"

"चालेल की."

"अहो, खाली जाऊन दोन इडल्या आणा," ती विलासला म्हणाली. "आज शनिवारच आहे."