बिनपाण्याचं झाड

“उद्या अकराला तुमच्याकडे येते. त्या झाडाची एक फांदी घेऊन जाईन.” हेडबाईंचा निरोप ग्रुपवर झळकला आणि घड्याळकाकांच्या तोंडचं पाणी पळालं. कारण झाड प्लॅस्टिकचं होतं.

तसे काका लबाड नव्हेत. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली, कुणाचा एक स्क्रू इकडचा तिकडे केला नाही. पण बायको गेल्यापासून घरात बोलायला माणूस नव्हतं. फोन वाजायचा तो ‘हिरवी गच्ची’ या बागकामाच्या ग्रुपमुळे. तिथे दोनशे माणसं डोळे उघडल्यापासून पृथ्वीची काळजी वाहत, आणि मधूनमधून काकांचीही. दर रविवारी आपल्या झाडाचा फोटो टाकायचा. चुकला, की हेडबाई नाव काढून टाकत. निवृत्त मुख्याध्यापिकाच त्या. एका दातांच्या डॉक्टरला तर फोटोच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकची कुंडी दिसली म्हणून त्यांनी हाकललं होतं.

काकांच्या हाताला मात्र यश नव्हतं. पुदिना कुजला, कोरफड वाळली, निवडुंगानंसुद्धा मान टाकली. शेवटी एका शनिवारी त्यांनी बाजारातून हे झाड आणलं, मातीच्या कुंडीत खोचलं आणि रविवारी फोटो टाकला. एवढंच त्यांचं पाप. पुढचं सगळं ग्रुपनं केलं.

त्या आठवड्यात ग्रुपवर पाणीटंचाईचा वाद पेटला होता. कपडे धुतलेलं पाणी झाडांना घालावं की नाही, यावरून दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते. तेवढ्यात कुणीतरी विचारलं, “काका, तुमच्या झाडाला पाणी किती लागतं हो?”

“काहीच नाही,” काकांनी खरं ते लिहिलं.

खत? नाही. कीड? अजून तरी नाही. ऊन? नसलं तरी चालतं. एकेक उत्तर शंभर टक्के खरं होतं, आणि एकेका उत्तराबरोबर ग्रुप चेकाळत गेला. पृथ्वी वाचवणारं झाड सापडलं म्हणून लोक एकमेकांचं अभिनंदन करू लागले. दोघा भावांनी पुन्हा बोलायला सुरुवात केली. एका प्राध्यापकांनी पानांच्या शिरा पाहून झाडाचं कूळही सांगून टाकलं. फांदीसाठी एकशे साठ जणांनी नंबर लावले.

दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला बेल वाजली. बाई चपला काढून थेट गॅलरीत गेल्या. पिशवीतून कात्री काढली, चष्मा नाकावर नीट बसवला आणि एक पान चिमटीत धरलं.

काकांना पुढचं दिसायला लागलं. उद्यापासून फोन मुका. ‘काका, उठलात का?’ असं विचारणारंही कुणी उरणार नाही. या वयात, परक्या बाईसमोर, त्यांचे डोळे भरून आले.

“बाई, काढून टाका मला,” ते म्हणाले. “फक्त संध्याकाळपर्यंत थांबा. सगळ्यांचा निरोप घेतो.”

बाईंनी पान उलटंसुलटं केलं. कडेला हिरवा रंग फिकट पडला होता, तिथे नखानं खरवडून पाहिलं. मग कात्री पिशवीत ठेवली, गॅलरीचं दार ओढून घेतलं आणि आवाज अगदी खाली आणला.

“ओल्या फडक्यानं पुसता ना? अहो, नका पुसू, रंग जातो. कोरडा ब्रश घ्या. माझी अख्खी गच्ची सात वर्षं त्यावरच टिकलीय.”