नालीतलं औषध

नालीच्या पाण्यात जिवाणू मारणारे विषाणू शोधण्यात दीपमालाची उमेदीची वर्षं गेली होती. बोंडअळीने कपाशी खाल्ली त्या साली मारेगावला तिच्या आईच्या पायात पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीच्या झाडाचं, धसकट रुतलं आणि जखमेवर कुठलंच औषध चालेना. पाय कापायची वेळ आली, तेव्हा जखमेतले जिवाणू आपल्या विषाणूंनी मरतात का, या चाचणीचा निकाल येण्याआधीच दीपमालाने रुग्णालयाची परवानगी घेऊन ते विषाणू जखमेत सोडले. “नालीचं पाणी लावून राह्यली काय वं मले?” आई म्हणाली. जखम भरली. निकाल मात्र उलटा आला: या विषाणूंनी ते जिवाणू मरतच नव्हते. पाय कशाने वाचला, दीपमालाला कळेना. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची बायको म्हणाली, “मॅडम, माह्या माणसाचाबी पाय कापतेत. तेच औषध द्या.” “त्यानं गुण येते का, मलेच समजत नाही.” “पण तुमची माय तं चालून राह्यली!” गोंधळलेल्या मनानेच दीपमाला पुन्हा परवानगी मागायला निघाली.