आईची वाटणी

धाकटी बाह्या मागे सारून पलंगापाशी आली, तशी मोठीने कोमट पाण्याचं घमेलं आपल्या बाजूला ओढून घेतलं.

"मी पुसते तिला. तू प्रवासातून आलीयेस, बस जरा."

धाकटी बसली नाही. तिने कोरडा टॉवेल खांद्यावर टाकला आणि पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली. मधे आई होती. सकाळी झोपेतच गेली होती आणि अजून झोपल्यासारखीच दिसत होती.

मेडिकल कॉलेजची गाडी तिला न्यायला निघाली होती. आईने देहदान केलंय हे घरादाराला ठाऊक होतं. जन्मभर लाँड्री चालवलेली बाई ती. "मेल्यावर नुसती पडून काय करू? पोरं शिकतील तरी," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची आणि ऐकणारे हसायचे. मोठी कधी हसली नाही. कारण धाकटी मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवायची. आईचं दुखणं काढलं मोठीने. भरवलं, कुशी बदलल्या, चादरी धुतल्या. आणि आई निघाली होती धाकटीकडे.

"निदान राख तरी हाती लागली असती," दारात उभा असलेला मामा कुरकुरला. आईचा पाठचा भाऊ तो. "आता बहिणीला भेटायचं म्हणजे मला या वयात डॉक्टरकीला नाव घालावं लागणार."

कुणीच हसलं नाही तेव्हा त्याने नाक पुसलं आणि गाडी बघायला रस्त्यावर गेला.

मोठीने आईचा चेहरा पुसला. कानामागे पुसलं. मग मान खाली घालूनच म्हणाली, "तुला काय, आता रोज भेटेल ती."

"माझ्याकडे नाही येत ती, ताई."

"म्हणजे?"

"गाडी आमच्या कॉलेजची नाही. पलीकडच्या शहरातल्या कॉलेजची आहे. आईनंच तसं ठरवलं. म्हणाली, तुझ्या टेबलावर आले तर तुझा हात थरथरेल. तुला पुढं नोकरी करायचीय."

"कधी म्हणाली?"

"मागच्या खेपेला. तू औषधं आणायला गेली होतीस."

मोठीने टॉवेल घमेल्यात बुडवला. हे ऐकून आपल्याला हलकं वाटायला हवं होतं, असं तिला वाटलं. पण वाटलं नाही. धाकटीचा हात थरथरेल म्हणून आईने स्वतःला दुसऱ्या गावी पाठवलं होतं. तेही मोठी घरात नसताना बोलून. मोठीचे हात रोज या अंगाला लागत होते. ते कधी थरथरतात का, हे आईने एकदाही विचारलं नव्हतं.

"कुशीवर घेऊ या," ती म्हणाली. "सांभाळून. खांद्याला धर, दंडाला नको. दंड दुखतो तिचा."

धाकटीने खांद्याला धरलं. दोघींनी मिळून आईला वळवलं. मोठीने झंपर बाजूला केला आणि धाकटी थबकली.

डाव्या खांद्याखाली, पाठीवर, तळहाताएवढी कातडी चुरगळलेल्या कागदासारखी आवळली होती.

"हे भाजल्याचं आहे," धाकटी म्हणाली. "खूप जुनं आहे. मी कधी पाहिलंच नाही." तिने त्यावर हलकेच बोट ठेवलं. "कशानं भाजली गं?"

मोठीच्या डोळ्यांसमोर ते सगळं होतं. लाँड्रीची मागची खोली, शेगडीवर कपड्यांच्या खळीचं उकळतं पातेलं आणि पातेल्याखालून लोंबणारा फडका. रांगणाऱ्या धाकटीने तो फडका ओढला. मोठी जवळच उभी होती, धाकटी जितकी जवळ होती तितकीच. आई ओरडत आली आणि धाकटीवर पालथी पडली. खळ तिच्या पाठीवर सांडली. दोन थेंब मोठीच्या पायावरही उडाले होते. तिने ते स्वतःच थुंकी लावून पुसले, कारण सगळे आईभोवती आणि धाकटीभोवती जमले होते. पुढे आईने तिला बजावलं होतं, धाकटीला यातलं काही सांगू नकोस, पोर उगाच मनाला लावून घेईल.

"ताई?"

"खळ सांडली होती," मोठी म्हणाली. "उकळती."

"अंगावर? अशी कशी पाठीवर सांडली?"

मोठीने आईच्या पाठीकडे पाहिलं. मग धाकटीकडे पाहिलं.

"मला वाचवायला गेली," ती म्हणाली. "पातेलं माझ्यावर येत होतं. ही मधे पडली."

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. मामा कुणाला तरी मागे घ्या, मागे घ्या, असं सांगत होता.

"मला कधी बोलली नाही," धाकटी म्हणाली.

"तू तान्ही होतीस."

धाकटी त्या डागाकडे बघत राहिली. रोज माणसाच्या पाठी दाखवून शिकवणारी ती, पण ही पाठ तिला पहिल्यांदाच दिसत होती. तिचे ओठ आत ओढले गेले, नाकपुड्या किंचित फुलल्या. तो चेहरा मोठीच्या ओळखीचा होता. आजवर तो तिने फक्त आरशात पाहिला होता.

मग दुसऱ्याच्या वस्तूला चुकून हात लागावा तसं धाकटीने बोट काढून घेतलं.

मोठीने टॉवेल पिळला आणि तेवढी जागा सावकाश पुसली.