हसण्याचा शॉट

लाइट्स.

प्रकाश तिच्यावर नव्हता, फोटोवर होता. वसुमती मेकअप करून, सुती साडी नेसून सेटच्या दारात उभी होती आणि समोरच्या भिंतीवर तिचाच फोटो टांगणं चाललं होतं. चंदनाचा हार. खाली लुकलुकणारा लाल दिवा. काचेवर कुंकू. शिडीवरचा माणूस विचारत होता, हार आणखी डावीकडे घेऊ का.

दिग्दर्शक इळंगो तिच्याजवळ आला आणि फोटोकडे बघतच बोलला. गोष्ट जरा बदललीय. आई आता सिनेमा सुरू व्हायच्या आधीच वारलेली आहे. कालच ठरलं, कळवायला वेळ झाला नाही.

म्हणजे जेवणाचा सीन गेला. त्या एका सीनसाठी ती पालक्काडहून कोडंबाक्कमच्या स्टुडिओत आली होती. मुलगा गावभर मारामाऱ्या करून घरी येतो. आई त्याला पानावर बसवते आणि झापते. बस, एवढंच.

साउंड.

तिच्या एकाही तमिळ सिनेमात तिचा आवाज नव्हता. बोलण्यात मल्याळमचा हेल येतो म्हणून दर वेळी दुसरीच बाई तिच्यासाठी बोलायची. लोक तिला रस्त्यात ओळखायचे, आणि ती बोलली की बिचकायचे. या वेळी इळंगोनं फोनवर सांगितलं होतं, आई केरळचीच दाखवू, तुमचाच आवाज ठेवू. तेव्हापासून ती भात वेळतानासुद्धा तीच वाक्यं म्हणत होती. एकदा मासेवालीला म्हणून दाखवली. ती म्हणाली, माझ्या पोरालाही ऐकवा.

आता वसुमती म्हणाली, एकच वाक्य ठेवा. मी पाठमोरी उभी राहते. चेहरा नाही दिसला तरी चालेल.

"तसं नाही, अम्मा." मागच्या महिन्यापर्यंत तो तिला मॅडम म्हणत होता. "तुम्ही आणि सर एका फ्रेममध्ये आलात की लोक शिट्ट्या मारणार. तुमची गाणी अजून लग्नांत वाजतात. आई म्हणून कोण बघेल तुमच्याकडे?"

"मग मला बोलावलंत कशाला?"

"जोडी परत आली, असं पोस्टरवर छापून झालंय ना."

कॅमेरा.

सर आले. आदवन, या सिनेमातला तिचा मुलगा. तिच्याहून बराच मोठा, डोक्यावर नवा विग, पोट पट्ट्यानं आवळलेलं. तिच्या नायकांपैकी हा एकच अजून नायक होता. त्यानं सगळ्यांसमोर तिचे हात हातात घेतले.

"वसु, तू अजून तशीच गं. तुझ्याशेजारी उभं राहायचं म्हणजे धडकीच भरते मला."

सगळे हसले. तीही हसली. काल कोणी ठरवलं, ते तिला कळलं.

तो फोटोसमोर जाऊन उभा राहिला. फोटो त्या दोघांच्या पहिल्या सिनेमातला होता. त्यातून त्याला कापून काढलं होतं, पण त्याची बोटं तिच्या खांद्यावर राहून गेली होती. हार डावीकडे घेतला होता तो ती झाकायलाच.

आदवननं डोळ्यांत ग्लिसरीन घालून घेतलं, हात जोडले आणि त्याच्याच बोटांवर लटकणाऱ्या हाराकडे बघून तो रडला. अम्मा, मला एकट्याला टाकून का गेलीस? मॉनिटरमागे उभी राहून वसुमती ते बघत होती. पहिल्याच टेकला ओके. टाळ्या पडल्या.

ॲक्शन.

ती पर्स घेऊन निघाली तर पळनी दारात आडवा. तिचा जुना मेकअपमन. हसून जायचं, अम्मा, तो म्हणाला.

पडद्यावर जो मेला त्यानं कॅमेऱ्यासमोर हसायचं आणि मगच सेट सोडायचा. म्हणजे मरण तिथंच राहतं, घरापर्यंत येत नाही. तिला हे माहीत नव्हतं थोडंच? गोळी लागून, खोकून खोकून, धबधब्यात उडी मारून ती मेली होती, आणि दर वेळी उठून अशी हसली होती की सगळं युनिट तिच्याबरोबर हसायचं. पण आज ती मेलीच कुठे होती, तिनं विचारलं. नुसता तर फोटो.

"जिवंत माणसाला हार घातलाय," पळनी म्हणाला. "मी नाही सोडणार तुम्हाला."

ती कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. साउंडवाल्यानं हेडफोन गळ्यात टाकले आणि वडा खायला घेतला. या शॉटला आवाज लागत नाही. लांबून इळंगो म्हणाला, ॲक्शन.

तिनं लेन्सकडे बघितलं.

"गाव घाबरत असेल तुला. मी नाही घाबरत. हात धू, बस, जेव आधी."

तिच्या स्वतःच्या आवाजात. हेलासकट.

पळनीनं कॅमेऱ्याशेजारून दोन बोटांनी आपल्या ओठांची टोकं वर ओढून दाखवली. "हसायचंय, अम्मा," तो हलकेच म्हणाला.

ती हसली. मान थोडी तिरकी करून, पूर्वी हसायची तशी. इळंगो आदवनला त्याचा रडण्याचा टेक दाखवायला मॉनिटरकडे गेला होता. तिथं दोघं वाकून बघत होते. लाइटवाल्यांनी पुढच्या सीनसाठी सामान हलवायला घेतलं. तिचा अर्धा चेहरा काळोखात गेला.

कोणी कट म्हणालं नव्हतं. कट ऐकल्याशिवाय थांबायचं नाही, हे तिला पहिल्याच सिनेमात थोबाडीत मारून शिकवलं होतं. तिचे गाल दुखायला लागले. सोबत म्हणून पळनीही हसत होता. मग तो थांबला, मॉनिटरकडे बघायला लागला, पुन्हा तिच्याकडे बघायला लागला. कट म्हणणं त्याचं काम नव्हतं.

ती हसत होती.