पान एक्केचाळीस

दुपारी सव्वाचार वाजता प्रमोदिनीबाईंना पुस्तकाच्या एक्केचाळिसाव्या पानावर स्वतःची खूण सापडली. पानाच्या आकड्याखाली हिरव्या शाईचे दोन ठिपके, खालचा जरा मोठा.

मंडळाच्या वाचनालयातल्या बायका अशा खुणा करत. रहस्यकथांची नावं सारखीच. वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून, ते संपलं की आपल्या घर नंबराच्या पानावर खूण करायची. प्रमोदिनीबाईंचा नंबर एक्केचाळीस. पण हा तर खुनांचा छडा लावणाऱ्या पोस्टमास्तरीण अक्कांच्या मालिकेचा नववा भाग, सोमवारीच नागपूरहून आलेला. निदान शशिकांतराव तसं सांगत तो घेऊन आले होते. आणि पुस्तकातला खून आत्ता कुठे झाला होता.

"अहो, या पुस्तकाला कोणी हात लावला?"

"मी काहून लावीन?" शशिकांतराव आतल्या खोलीतून म्हणाले. "आता घरातच जासूसी करून राहिली का?"

कोणी लावला, एवढंच विचारलं होतं. तुम्ही लावला का, असं नाही.

प्रमोदिनीबाईंनी वाचनालयात फोन लावला. ग्रंथपाल देवदत्तनेच उचलला.

"देवदत्त, अक्कांचा नववा भाग सोमवारीच आला ना?"

"हो काकू, एकदम नवा." मग त्याने आवाज खाली आणला. "काका आहेत का जवळ? जरा त्यांना द्या ना."

"त्यांच्याशी काय काम?"

"काही नाही. चलो, मग करतो."

फोन बंद झाला. दोघं मिळून काहीतरी लपवत होते, एवढं नक्की.

प्रमोदिनीबाईंनी कागद घेतला आणि पुढे न वाचता खुन्याचं नाव लिहिलं: कंपाउंडर. आतापर्यंत तो एकदाच आला होता, आणि येऊन फक्त छत्री विसरून गेला होता. त्यांनी शेवटचं प्रकरण उघडलं.

कंपाउंडरच.

"अहो, मी दर वेळी खुनी बरोबर ओळखते ना?"

"दर वेळी," शशिकांतराव म्हणाले. आवाज आता दाराजवळून आला. "तुझा हात कोण धरणार? ठेव आता ते, चहा टाकतो मी."

ते स्वयंपाकघरात गेले. भांड्यात पाणी पडल्याचा आवाज येईपर्यंत त्या थांबल्या. मग मागचा पुठ्ठा उघडला. तारखांची चिठ्ठी कोरी करकरीत होती, वर फक्त सोमवारची तारीख. बोटाला तिची कड जाड लागली. त्यांनी नख घातलं. चिठ्ठी सहज सुटली.

खाली जुनी चिठ्ठी होती. जानेवारी, एप्रिल, जुलै. तिन्ही तारखांपुढे प्रमोदिनीबाईंचाच सभासद क्रमांक, आणि पुस्तक परत केल्याची सही तिन्ही वेळा शशिकांतरावांची.