थांब म्हटल्यावर

पोलादपूरच्या गॅरेजात प्रवीण मेकॅनिकने शेवटचा बोल्ट आवळला, हात पुसले आणि यज्ञेश्वर सरांच्या लाल स्पोर्ट्स कारपासून चार पावलं मागे सरकून उभा राहिला. देवाला हार घातल्यावर माणूस सरकतो तसा.

"ब्रेक बसले," तो म्हणाला. "सर, भोकाला भोक जुळलं. माझाच इश्वास बसत नाय. दहा वर्षांत कंपनीनं दिवे बदलले, बंपर बदलला, किंमत तर इचारूच नका. पन बोल्टाची भोकं हाय तिथंच."

सर वाकले. गाडीची जुनी ब्रेक डिस्क पातेल्यावरच्या झाकणाएवढी होती. नव्या मॉडेलची परातीएवढी होती, आणि ती मावावी म्हणून चाकंही नव्या मॉडेलचीच घालावी लागली होती. महाडच्या शाळेत सरांनी चौतीस वर्षं घर्षण शिकवलं. व्याख्येला दोन गुण. ते इतकं चकचकीत असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"हे आणलंस कुठून?" गोदावरीबाईंनी विचारलं. सरांची बायको गाडीपासून बरीच लांब, पर्स काखेत मारून उभी होती.

"पुन्याहून, बाई. ह्याच गाडीची धाकटी बहीण हाय. झाडावर आपटली. दारं गेली, टप गेला, काचा गेल्या. पन ब्रेकला ओरखडा नाय."

"ब्रेक इतके चांगले होते, तर आपटली कशी?"

"दाबले नाय."

गोदावरीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. सरांनी चाकाकडे पाहिलं.

नवरा-बायकोचा करार सकाळीच ठरला होता. निवृत्तीनंतर सरांनी हौसेने घेतलेली ही गाडी पळत छान होती. थांबायची मात्र तिच्या मनाला येईल तिथे. वीर स्टेशनवर कुणाला सोडायला म्हणून निघावं, तर रिक्षांची सगळी रांग मागे टाकून ती पुढे कुठेतरी विसावायची. गोदावरीबाईही सरांच्याच शाळेत शिक्षिका होत्या. त्यांनी म्हटल्यावर आजवर सगळं थांबलं होतं: दंगा करणारा वर्ग, रस्त्यावरून जाणारी मिरवणूक, एकदा तर चुकून पाहुण्यांचं भाषण. ही गाडी तेवढी थांबली नव्हती. आज आंबेनळी घाटाच्या उतारावर त्या "थांबा" म्हणतील तिथे ती थांबली, तर राहील. नाही तर विकायची आणि एक पांढरी, चार दारांची, समजूतदार गाडी घ्यायची.

घाट चढताना बाईंनी "थांबा" म्हटलं नाही. चढावर कुठलीही गाडी थांबते, त्यात गाडीचं कर्तृत्व काय? वर मोकळी जागा बघून सरांनी गाडी वळवली. बाईंनी पट्टा दोनदा ओढून पाहिला. उतार सुरू झाला.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. बाई जागा निवडत होत्या. सरांचा पाय ब्रेकच्या वर, अधांतरी. गाडीने आपल्या मनाने वेग धरला.

"म्हणताय ना?" सरांनी विचारलं.

"माझं मी बघते. तुम्ही पुढे बघा."

तिसऱ्या वळणाआड रस्त्याच्या मधोमध एक माकडीण बसली होती. पोटाशी पिल्लू, हातात वेफर्सचं पाकीट.

"थांब!"

चाळीस वर्षांच्या संसारात गोदावरीबाईंनी नवऱ्याला एकदाही अरे-तुरे केलं नव्हतं. आत्ताचं हे "थांब" त्यांना होतं, गाडीला होतं की माकडिणीला, हे ठरवायला वेळ नव्हता. सरांचा पाय खाली गेला.

गाडी थांबली.

चाकं किंचाळली नाहीत, गाडीचा मागचा भाग शेपटासारखा हलला नाही. कुणीतरी सगळा घाटच तळहातावर तोलून धरावा, तशी थांबली. दोघं पट्ट्यांसकट पुढे झुकली, मागे टेकली, आणि मग काहीच हललं नाही. बंपर माकडिणीपासून हातभर अंतरावर होता. तिने गाडीकडे एकदा पाहिलं आणि दातांनी पाकीट फाडलं.

वेगाच्या उलट दिशेचा जो बाण सरांनी फळ्यावर हजारदा काढला होता, तो आत्ता त्यांच्या बरगड्यांतून गेला होता. उजवीकडे कातळ होता, डावीकडे दरी होती, दरीत खाली कुणाच्या तरी घराची लाल कौलं होती. सगळं जागच्या जागी. इतकं जागच्या जागी असलेलं त्यांनी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं.

गोदावरीबाईंनी हात पुढे केला आणि हळूच डॅशबोर्डवर ठेवला. काढला नाही.

मागून कुरकुरत एसटी उतरली, सूंऽ करून दम सोडत उभी राहिली आणि हॉर्न वाजवू लागली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काय सर, बंद पडली काय?"

सरांच्या आधी बाईंनी काच खाली केली. "बंद नाही पडली हो. थांबली आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे मी म्हटलं, आणि थांबली."

ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढला. इंजिन बंद करून तो खाली उतरला आणि गाडीच्या मागचा रस्ता वाकून बघू लागला. या उतारावर अशी अवचित थांबलेली गाडी डांबरावर टायरचा काळा पट्टा ओढल्याशिवाय राहत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो वळणापर्यंत गेला, परत आला. पट्टा नव्हता.

एसटीच्या एकेका खिडकीतून एकेक डोकं बाहेर आलं. बघण्यासारखं काही नव्हतं. उतारावर एक गाडी उभी होती.

तरी सगळे बघत राहिले.